पदवीचे दुकान आणि आपण गिऱ्हाइके

गेल्या गणपतीतली गोष्ट. आरती झाली, प्रसाद झाला आणि मंडळी नेहमीप्रमाणे चहाचे कप हातात घेऊन हॉलच्या कडेने गटागटाने उभी राहिली. ए-लेव्हलचे निकाल लागून जेमतेम पंधरवडा झाला होता. साहजिकच प्रत्येक गटात विषय एकच, "मग, कुठे मिळाली ॲडमिशन?" कुणाची मुलगी इम्पीरियलला, कुणाचा मुलगा वॉरिकला. अभिनंदन, पेढे, फोटो!

माझ्या मुलीलाही एका काकूंनी विचारले. ती म्हणाली, "काकू, मी डिग्री अप्रेंटिसशिप घेतलीय. इंजिनीअरिंग कंपनीत."

"अप्रेंटिस? म्हणजे आपल्या आयटीआयसारखं? अगं, मार्क कमी पडले का?"

मार्क कमी पडले नव्हते. दोन चांगल्या विद्यापीठांचे प्रवेश हातात असताना तिने हा मार्ग निवडला होता. आठवड्यातले चार दिवस कंपनीत काम, एक दिवस विद्यापीठात शिक्षण, चार वर्षांनी पदवी. फी कंपनी भरणार आणि वर पगार मिळणार. पण काकूंच्या चेहऱ्यावरची कणव काही जाईना. जाता जाता माझ्या बायकोच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "होईल हो सगळं नीट."

त्याच हॉलमध्ये दोन खुर्च्या पलीकडे माझ्या मावसभावाचा मुलगा बसला होता. "युकेतून एमएस्सी, डेटा सायन्स!" अशी त्याची ओळख करून दिली की लोक कौतुकाने मान डोलवत. तो त्या वेळी पार्सलांच्या गोदामात रात्रपाळी करत होता, हे कुणी विचारले नाही म्हणून त्यानेही सांगितले नाही.

मंडळी, त्या संध्याकाळी या दोघांनाही "तू काय शिकलीस?", "तू काय शिकलास?" हे कुणीच विचारले नाही. आपल्याला नाव हवे होते, शिक्के हवे होते. आज ब्रिटनमधली विद्यापीठे विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकवण्याऐवजी जागा विकण्याच्या मागे का लागली आहेत, याचे अर्धे उत्तर सरकारच्या धोरणात आहे आणि उरलेले अर्धे आपल्या या चहाच्या गप्पांत आहे. हा लेख त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे, आणि सुरुवात मी माझ्यापासूनच करतो.

माझी चूक

२०२२ साली मावसभावाचा निफाडहून फोन आला. "दादा, पोराला तिकडे ॲडमिशन मिळतेय. एक वर्षाचा कोर्स. फी सोळा हजार पौंड. द्राक्षबाग तारण ठेवून कर्ज काढतोय. तुझं मत काय?"

मी विद्यापीठाचे नाव ऐकले. ते शहर लंडनपासून कित्येक मैल लांब, आणि पोराचे वर्ग मात्र लंडनच्या कॅम्पसमध्ये. मला तेव्हाच खटकायला हवे होते. पण मी कामात होतो, आणि खरे सांगायचे तर मला वाईटपणा घ्यायचा नव्हता. मी म्हणालो, "अरे, इंग्लंडची डिग्री आहे, वाईट कशी असेल?"

तो आला. दिवाळीत जेवायला घरी आला तेव्हा मी विचारले, "कसं चाललंय कॉलेज?"

"काका, वर्ग आठवड्यातून दोनच दिवस असतात. एका ऑफिसच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर."

"आणि लॅब?"

"लॅब म्हणजे... लॅपटॉप आपापला."

पंधरा लाख रुपयांच्या आसपास फी, वर राहण्याखाण्याचा खर्च, आणि प्रयोगशाळा म्हणजे स्वतःचा लॅपटॉप! त्या विद्यापीठाने त्याला फसवले असे कायद्याच्या भाषेत म्हणता येणार नाही. माहितीपुस्तकात सगळे लिहिलेले होते. फसवले असेल तर ते मी, माझ्या एका गुळमुळीत वाक्याने.

कारागिरांच्या शाळेपासून

मी स्वतः २००३ च्या सप्टेंबरात मँचेस्टरच्या युमिस्ट या संस्थेत कंट्रोल सिस्टिम्सच्या एमएस्सीला दाखल झालो. त्याआधी पुणे विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या एका विनाअनुदानित कॉलेजातून बीई केले होते. त्या कॉलेजात ऑसिलोस्कोपवर कायम कापडी आच्छादन असे. तपासणी समिती येणार असेल त्या दिवशीच ते निघायचे. प्रयोग आम्ही केले ते जर्नलमध्ये, वरच्या वर्गातल्या मुलांच्या वह्या पाहून. ज्यांनी ज्यांनी 'सबमिशन'च्या रात्री जागवल्या आहेत त्यांना जास्त सांगायला नको.

युमिस्टच्या प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात उलटा लंबक तोलून धरण्याचा प्रयोग होता. गाडीवर एक दांडी उभी, आणि गाडी पुढेमागे हलवून ती पडू द्यायची नाही. मी घाबरून यंत्राला हातच लावेना. तिथला वयस्क तंत्रज्ञ म्हणाला, मोडले तर मोडू दे, मी आहे जोडायला. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला यंत्र मोडायची परवानगी दिली होती! माझे खरे शिक्षण त्या वाक्यापासून सुरू झाले असे मी मानतो.

ही युमिस्ट कुठून आली? १८२४ साली मँचेस्टरमधल्या काही कारखानदारांनी आणि सावकारांनी मिळून 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' काढली. अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन हे संस्थापकांपैकी एक. हेतू हा, की गिरणीत, कारखान्यात राबणाऱ्या कारागिरांना ते ज्या यंत्रांवर काम करतात त्यामागचे विज्ञान कळावे. म्हणजे दिवसा काम आणि संध्याकाळी शिक्षण. त्याच शाळेचे पुढे टेक्निकल कॉलेज झाले, मग विद्यापीठाच्या दर्जाची संस्था झाली, आणि १ ऑक्टोबर २००४ ला ती मँचेस्टरच्या मोठ्या विद्यापीठात विलीन झाली.

याच टेक्निकल कॉलेजात पहिल्या महायुद्धानंतर जॉन कॉकक्रॉफ्ट नावाचा तरुण विद्युत अभियांत्रिकी शिकला. नंतर मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स या कंपनीत त्याने दोन वर्षे उमेदवारी केली. म्हणजे काकूंच्या भाषेत, अप्रेंटिस! पुढे तो केंब्रिजला गेला आणि १९३२ साली वॉल्टन यांच्याबरोबर त्याने यंत्राने वेग दिलेल्या कणांनी अणुकेंद्र फोडून दाखवले. १९५१ मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ते यंत्र उभे करायला कंपनीत शिकलेले उच्च दाबाच्या विजेचे ज्ञान कामी आले होते. मार्क कमी पडले म्हणून उमेदवारी केली असे त्याला कुणी म्हणाले असेल असे वाटत नाही.

आपल्याकडेही वेगळे नव्हते. पुण्याचे इंजिनीअरिंग कॉलेज १८५४ मध्ये सुरू झाले ते सार्वजनिक बांधकाम खात्याला रस्ते, पूल बांधणारी माणसे हवी होती म्हणून. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ मध्ये उभी राहिली ती गिरण्यांच्या मुंबईसाठी. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे आपले यूडीसीटी, १९३३ चा. हातातले काम आणि डोक्यातले शास्त्र यांची गाठ घालणे हेच या साऱ्या संस्थांचे काम होते. पांढरपेशा माणसाने कामाला नाक मुरडायचे, हा संस्कार आपण घरून आणला. या संस्थांनी तो आपल्याला शिकवला नाही.

डॉ. रघुनाथ माशेलकर यूडीसीटीतच शिकले. गोव्यातल्या माशेल गावचा, वडील लहानपणी गेलेला मुलगा, मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकून, टाटा ट्रस्टच्या महिना साठ रुपये शिष्यवृत्तीवर पुढे आला. डॉक्टरेट झाल्यावर सत्तरच्या दशकात ते इथे सॅलफर्ड विद्यापीठात संशोधन आणि अध्यापन करत होते. सॅलफर्डही मूळचे तंत्रशिक्षणाचे कॉलेज, १९६७ मध्ये विद्यापीठ झालेले. १९७६ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परतले आणि पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की यूडीसीटी आणि सॅलफर्ड दोन्ही सार्वजनिक पैशावर चालत होती. बाग तारण ठेवल्याशिवाय दार उघडणार नाही, असे तेव्हा कुणी म्हणत नव्हते.

विद्यार्थ्याचे गिऱ्हाईक कसे झाले

मग बिघडले कुठे? एका दिवसात नाही. १९८१ मध्ये थॅचर सरकारच्या काळात विद्यापीठांच्या अनुदानाला मोठी कात्री लागली. सॅलफर्डचे अनुदान तब्बल ४४ टक्क्यांनी कापले गेले, आणि विद्यापीठाने पैशासाठी उद्योगांकडे तोंड वळवले. १९९२ च्या कायद्याने पॉलिटेक्निकांना विद्यापीठ म्हणवून घेण्याचा हक्क मिळाला. प्रतिष्ठा वाढली खरी. पण गावातल्या कारखान्यांतली माणसे दिवसाआड किंवा संध्याकाळी येऊन शिकायची ही जी पॉलिटेक्निकांची खरी ताकद होती, ती हळूहळू मागे पडली. सगळ्यांनाच ऑक्सफर्डसारखे व्हायचे होते!

मग फी आली. १९९८ पर्यंत इथल्या विद्यार्थ्यांना पदवीच्या शिक्षणासाठी फी नव्हती. त्या वर्षी वर्षाला १,००० पौंड झाली, २००६ मध्ये इंग्लंडात ३,००० पर्यंत, २०१२ मध्ये ९,००० पर्यंत. २०१७ मध्ये ९,२५० झाली आणि तिथेच आठ वर्षे थांबली. २०२५ मध्ये ९,५३५. दरम्यान महागाई कुठल्या कुठे गेली हे आपली वीजबिले सांगतात. २०१२ नंतर नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. १८२४ च्या त्या कारागिराला पहिल्यांदा दार बंद झाले ते असे.

आता दुकानदाराच्या डोक्याने विचार करा. फीची कमाल मर्यादा सगळ्या विषयांना एकच. व्यवस्थापनाच्या वर्गात तीनशे मुले एका हॉलमध्ये बसवता येतात, खर्च एक प्राध्यापक आणि एक प्रोजेक्टर. रसायनशास्त्राला धुराडी हवीत, रसायने हवीत, तंत्रज्ञ हवेत, सुरक्षेची व्यवस्था हवी. प्रयोगशाळेच्या विषयांना सरकार थोडे जादा अनुदान देते, पण त्याने तोंडमिळवणी होत नाही. मग तोटा भरायचा कुठून? परदेशी विद्यार्थ्यांकडून, कारण त्यांच्या फीवर मर्यादा नाही. निफाडच्या द्राक्षबागेचा इथल्या अंदाजपत्रकाशी संबंध जुळतो तो इथे.

सरकारने मात्र एका हाताने विद्यापीठांना या पैशावर जगायला लावले आणि दुसऱ्या हाताने तोच नळ आवळला. २०२१ मध्ये पदवीनंतर दोन वर्षे काम करायचा ग्रॅज्युएट व्हिसा सुरू केला. लोंढा आल्यावर जानेवारी २०२४ पासून एक वर्षाच्या मास्टर्सवाल्यांना कुटुंब आणायला बंदी घातली. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्ष मिळणार. परिणाम काय? इंग्लंडमधल्या ४३ टक्के संस्था त्या वर्षी तुटीत जातील असा अंदाज नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये जाहीर केला. आणि तुटीत गेलेला दुकानदार आधी काय बंद करतो? ज्या मालाला जागा जास्त लागते तो.

हा सिनेमा मी आधी पाहिला आहे. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यातून माझ्यासारख्या असंख्य मुलांना शिकायला मिळाले हे मी नाकारत नाही. ते नसते तर मी इथे नसतो. पण जागा वाढल्या त्या वेगाने प्रयोगशाळा वाढल्या नाहीत. कापडी आच्छादनाखालचा तो ऑसिलोस्कोप मला अजून दिसतो. ते आच्छादन मागे टाकून मी विलायतेला आलो, आणि आता ते माझ्यामागून इथे आले आहे.

हल् आणि तुमच्या हातातला पडदा

उदाहरण हल् विद्यापीठाचे घ्या. तिथे जॉर्ज ग्रे नावाचे रसायनशास्त्रज्ञ दशकानुदशके 'लिक्विड क्रिस्टल' या विचित्र पदार्थांचा अभ्यास करत होते. घन म्हणावे तर वाहतात, द्रव म्हणावे तर त्यांच्या रेणूंना शिस्त असते. उपयोग काय, याचे उत्तर बराच काळ कुणाकडेच नव्हते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विजेवर चालणारे सपाट पडदे करायची कल्पना आली, पण उपलब्ध पदार्थ टिकत नव्हते. १९७३ मध्ये ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या तापमानाला टिकाऊ राहणारे लिक्विड क्रिस्टल तयार केले. घड्याळे, कॅल्क्युलेटर, आणि मग एलसीडी पडद्यांचे सारे जग त्यावर उभे राहिले. १९९५ मध्ये त्यांना जपानचे क्योटो पारितोषिक मिळाले.

आपल्यापैकी निम्मी मंडळी आयटीत आहेत. आयुष्यातली वीस वर्षे आपण ज्या पडद्याकडे बघत पोट भरले त्याचे मूळ या विभागात आहे. २०२४ च्या अखेरीस हल् विद्यापीठाने आपला रसायनशास्त्र विभाग बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

हे पहिलेच नाही. २००४ मध्ये एक्सेटर विद्यापीठाने रसायनशास्त्र बंद करायचे ठरवले, तेव्हा नोबेल विजेते हॅरी क्रोटो यांनी त्या विद्यापीठाची सन्माननीय पदवी परत करतो म्हणून जाहीर केले. २००६ मध्ये रेडिंगने भौतिकशास्त्र बंद करण्याचा निर्णय घेतला. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००३ च्या सुमारास रसायनशास्त्राला टाळे लावले, आणि साधारण दहा वर्षांनी तो विभाग पुन्हा नव्याने उभा केला. बंद करायला समितीची एक बैठक पुरली. उभा करायला दशक गेले.

उशिरा येणारी माहिती

इथे मला माझा उलटा लंबक आठवतो. त्या प्रयोगात आम्हाला मुद्दाम एक खोडी करून दाखवत. दांडी किती कलली ही माहिती यंत्राला किंचित उशिरा द्यायची. मग काय होते? दांडी डावीकडे कलल्याची बातमी पोचेपर्यंत ती उजवीकडे निघालेली असते. यंत्र चुकीच्या दिशेला धक्का देते, झोके वाढत जातात आणि शेवटी दांडी आपटते. यंत्र आळशी नसते, उलट फार तत्पर असते. चूक एवढीच, की ते जुन्या बातमीवर धावते.

बाजाराच्या मागे धावणारे विद्यापीठ म्हणजे असेच यंत्र. आज डेटा सायन्सला मागणी आहे म्हणून कोर्स काढायचा. तो मंजूर होऊन, मुले येऊन, शिकून बाहेर पडेपर्यंत चारपाच वर्षे जातात. तोवर बाजार दुसरीकडे कललेला असतो. २००० साली डॉट कॉमच्या लाटेत कॉम्प्युटरच्या जागा कशा वाढल्या आणि लाट फुटल्यावर माझ्या वर्गमित्रांचे काय झाले हे मी जवळून पाहिले. आजही मी उमेदवारांच्या मुलाखती घेतो. ज्यांना फक्त यंदाचे साधन येते त्यांची यादी लांब असते आणि तिसऱ्या प्रश्नाला गाडी अडते. कोड लिहून देणारी एआय आल्यापासून तर हे फारच उघडे पडू लागले आहे. नवशिक्याचे साधे काम यंत्र करते. ते काम बरोबर झाले आहे की नाही हे सांगणारा माणूस हवा असतो, आणि त्यासाठी पाया लागतो. मी एमएस्सीत वापरलेले एकही सॉफ्टवेअर आज वापरत नाही. पण उशिरा आलेल्या माहितीने यंत्रणा कशी डोलायला लागते, हे बँकेच्या सर्व्हरपासून सुपरमार्केटच्या साठ्यापर्यंत मी रोज वापरतो.

कंपन्या म्हणतात, विद्यापीठांनी तयार माणसे द्यावीत. मी म्हणतो, कंपनीचे काम कंपनीने करावे! यंदाचे साधन शिकवणे तिचे काम आहे, आणि त्यासाठी उमेदवारीची पद्धत उत्तम आहे. म्हणूनच मुलीच्या निर्णयाला मी मान दिला. डिग्री अप्रेंटिसशिप २०१५ मध्ये आली, २०१७ पासून मोठ्या कंपन्यांवर त्यासाठी पगारखर्चाच्या प्रमाणात कर बसला. डायसनसारख्या व्हॅक्यूम क्लीनर करणाऱ्या कंपनीने तर २०१७ मध्ये स्वतःची संस्था काढली आणि पुढे पदवी देण्याचा अधिकारही मिळवला.

पण यातही मी डोळे मिटून टाळ्या वाजवणार नाही. जागा थोड्या आणि स्पर्धा जबर, हा एक भाग. दुसरा भाग असा, की कंपनी तिला आज हवे तेच शिकवणार. ज्याचा उपयोग वीस वर्षे ठाऊक नाही अशा पदार्थावर माणूस बसवून ठेवणे कुठल्याही कंपनीला परवडत नाही. ते विद्यापीठालाच करावे लागते, आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा लागतो. मुलीला आठवड्यातून एक दिवस शिकवणारे विद्यापीठही जर उद्या प्रयोगशाळा मोडून बसले, तर तिच्या उमेदवारीचे नुसते हमालीत रूपांतर होईल. दोन्ही चाके हवीत.

"पण मुलेच येत नाहीत तर रिकामा विभाग कशाला चालवायचा?" हा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक गावात प्रत्येक विषय हवा असे मीही म्हणत नाही. पण कुठला विभाग राहावा हे एकेका विद्यापीठाच्या तुटीने ठरू नये, देशाच्या गरजेने ठरावे. आपल्या डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका उभी केली ती याच विचाराने. प्रत्येक विद्यापीठाला खगोलशास्त्राची मोठी साधने परवडणार नाहीत, तर सगळ्यांनी मिळून वापरावे असे एक केंद्र असावे. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. केंब्रिजमध्ये शिकलेल्या या माणसाने तिकडे जे करून दाखवले, ते केंब्रिजच्या देशाने रसायनशास्त्रासाठी का करू नये?

आता आपण

सरकारला नावे ठेवून घरी जाणे सोपे आहे. पण गिऱ्हाईक आपणही आहोत, आणि दुकानात काय ठेवायचे हे गिऱ्हाइकावरच ठरते. म्हणून माझ्या चार मागण्या आहेत, आणि त्या तुमच्याकडे आहेत.

पहिली. मुलांना घेऊन विद्यापीठ बघायला जाल तेव्हा क्रमवारी आणि वसतिगृहाच्या खोल्या बघून परत येऊ नका. आठवड्याला प्रयोगशाळेचे तास किती, एका यंत्रावर मुले किती, शिकवणार कोण, तंत्रज्ञ किती, हे विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर तेच उत्तर समजा.

दुसरी. भारतातून कुणाचा फोन आला की गुळमुळीत बोलू नका. वर्ग कुठल्या इमारतीत आहेत, आठवड्याला किती तास, मागच्या वर्षीची मुले आता काय काम करतात, एवढे तीन प्रश्न त्यांना विचारायला लावा. चांगले कोर्स इथे आजही पुष्कळ आहेत. ते या प्रश्नांना घाबरत नाहीत. वाईटपणा आला तर येऊ द्या. माझा पंधरा लाखांचा चांगुलपणा कुणाच्या कामी आला?

तिसरी मागणी मंडळाच्या कार्यकारिणीला. दरवर्षी करिअर मार्गदर्शनाला आपण डॉक्टर, बँकर आणि माझ्यासारखे आयटीवाले बोलावतो. पुढच्या वर्षी एखादी अप्रेंटिस आणि एखादा प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ त्याच मंचावर, त्याच शालीनिशी बसवा.

चौथी. आपल्या खासदाराला पत्र लिहा. प्रयोगशाळेच्या विषयांचा खर्च सरकारने उचलावा, एवढे सांगा. "आमचा पासपोर्ट भारतीय आहे, आमचं कोण ऐकणार?" असे म्हणू नका. इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीयाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते. मतदारयादीत नाव मात्र हवे. आपल्यातल्या किती जणांचे आहे?

माझा पुतण्या व्हिसा संपल्यावर २०२५ च्या डिसेंबरात परत गेला. विमानतळावर सोडताना मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "काका, तुम्ही काय करणार, मीच विचारलं नाही नीट." आता तो नाशिकच्या एका कारखान्यात यंत्रांच्या नोंदींवर काम शिकतो आहे. परवा फोनवर म्हणाला, "इथे यंत्र समोर आहे हो, हात लावता येतो." पगार थोडा आहे, बागेवरचे कर्ज अजून फिटायचे आहे. त्यातला काही भार मी उचलला आहे. तो उपकार नाही, माझ्या एका वाक्याची फी आहे.

यंदा गणपतीत पुन्हा भेटू. चहाचे कप हातात असतील, निकाल लागलेले असतील. माझ्या मुलीला किंवा आणखी कुणाच्या मुलामुलीला गाठलेत तर "कुठे?" हे जरूर विचारा. पण त्यानंतर तिथून हलू नका. "काय शिकते आहेस, काय मोडलेस आणि काय जोडलेस?" हेही विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.